आधी सेल ठरवा, मग हेडटॉर्च

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन एएए सेलवर चालणारी हेडटॉर्च आहे, खोक्यावर ४०० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाचं माप) आणि १२० तास असं छापलंय, पण रिचार्जेबल सेल घातले की उजेड मंद वाटतो आणि साधारण तीन तासांत ती एकदम विझते. महिन्यातून एक-दोनदा रात्रीचं डोंगरात चालणं होतं, शिवाय घरातली वीज गेली की तीच कामाला येते. ती बिघडली आहे का, यूएसबीवर चार्ज होणारी नवी घ्यावी का, १८६५० नावाचे लिथियम-आयन सेल घरात ठेवणं धोक्याचं आहे का, आणि सेल व चार्जर कुठले घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

रात्रीच्या चढायांना आणि गुहांमध्ये लोकांना घेऊन जाण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. तेव्हा माझं उत्तर त्या वापरातून आलेलं आहे; गाडीखाली झोपून दुरुस्ती करणाऱ्याचं उत्तर काही बाबतींत वेगळं असेल. आणि एक शब्दाचा खुलासा आधीच करतो. आपण टॉर्चलाही 'बॅटरी' म्हणतो आणि तिच्या आतल्या वस्तूलाही. गोंधळ नको म्हणून इथे दिव्याला हेडटॉर्च आणि आत घालतो त्याला सेल म्हणेन.

पहिलं उत्तर: तुमची हेडटॉर्च बहुधा ठणठणीत आहे. हिशेब करून पाहू. चांगल्या रिचार्जेबल एएए सेलमध्ये साधारण ८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) मावतात आणि त्याचा व्होल्टेज १.२ असतो. म्हणजे एका सेलमध्ये जेमतेम १ वॉट-तास ऊर्जा, तिघांत मिळून २.९. हल्लीच्या बऱ्या हेडटॉर्चमध्ये १ वॉटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन मिळतात असं धरा. मग १०० ल्युमेनला तीन तासांहून थोडं कमी, आणि ४०० ल्युमेनला पाऊण तासही नाही. तुम्हाला तीन तास मिळतायत, म्हणजे सेलने आपलं काम चोख केलंय. त्या तीन लहानग्या सेलमध्ये याहून जास्त काही नव्हतंच.

मग खोक्यावरचे १२० तास कुठून आले? तो आकडा सर्वांत मंद उजेडाचा असतो, पाच-सात ल्युमेनचा. ४०० हा सर्वांत प्रखर उजेडाचा. दोन्ही खरे, पण एकाच वेळी मिळणारे नाहीत. शिवाय बहुतेक कंपन्या टॉर्चसाठीच्या ज्या एफएल-१ या मानकानुसार मोजतात (ते २००९ मध्ये आलं), त्यात ल्युमेन मोजतात ते दिवा लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान, आणि 'चालण्याचा वेळ' धरतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा. म्हणजे ४०० ल्युमेनवर लावलेला दिवा पाच मिनिटांत १५० वर आला आणि पुढे कित्येक तास ५०-६० वर रेंगाळत राहिला, तरी तो सगळा वेळ त्या आकड्यात मोजला जातो. पल्ल्याचंही तसंच. खोक्यावर लिहिलेला पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) येतो ते अंतर, साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथे काहीतरी आहे एवढं कळतं, दगड आहे की खड्डा हे कळत नाही. पल्ला दुप्पट करायला प्रकाशाची तीव्रता चौपट लागते, हे लक्षात ठेवलं की मोठमोठ्या आकड्यांचं आकर्षण आपोआप ओसरतं.

म्हणून हेडटॉर्च निवडताना मी ल्युमेनपासून सुरुवात करत नाही. मी विचारतो: एका रात्रीत किती तास उजेड हवा, कुठल्या पातळीचा, आणि संपला की पुन्हा भरणार कसा? याचं उत्तर मिळालं की सेल ठरतो, आणि सेल ठरला की निम्म्याहून जास्त हेडटॉर्च यादीतून आपोआप गळतात.

पातळीचं म्हणाल तर लोकांना वाटतं त्याहून फार कमी उजेड लागतो. तंबूत किंवा घरात काम करायला १० ते ३० ल्युमेन भरपूर झाले. मळलेल्या पायवाटेवर ५० ते १००. घसरडे दगड, मोडकी वाट, उतार असेल तर १५० ते २००. वाट चुकली आणि पलीकडची धार शोधायची असेल, तर मिनिटभरासाठी ३००-४००. धावणाऱ्यांना जास्त लागतो, कारण पाय पडायच्या आधी विचार करायला वेळच नसतो. मी स्वतः रात्रीचा नव्वद टक्के वेळ ६० ते ८० ल्युमेनवर चालतो. डोळे अंधाराला सरावलेले असले की तेवढ्यात सगळं दिसतं, आणि उजेड दुप्पट केला तरी डोळ्यांना तो दुप्पट वाटत नाही. सेल मात्र दुप्पट वेगाने रिकामा होतो.

हे तुम्ही कुठे जाता त्यावर अवलंबून आहे, हे मान्य. पण महिन्यातून एक-दोन रात्री, रात्रीला सहा-आठ तास, अशा वापराला सरासरी १०० ल्युमेन धरले तर ६ ते ८ वॉट-तास लागतात. तीन एएए सेलमधले २.९ त्याला पुरणार नाहीत. तुमची खरी अडचण इथे आहे, दिव्यात नाही.

आता उजेड मंद का वाटतो ते पाहू. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तीन मिळून ४.५. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ चा, तीन मिळून ३.६. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. हेडटॉर्चच्या आत व्होल्टेज सांभाळणारं सर्किट असेल, तर तिला ४.५ काय आणि ३.६ काय, फरक पडत नाही. ज्यांना आपण 'रेग्युलेटेड' म्हणतो त्या याच. पण आत नुसता रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा साधा भाग, असेल, तर ३.६ व्होल्टवर एलईडीपर्यंत करंटच कमी पोहोचतो आणि उजेड पहिल्या मिनिटापासून मंद असतो. तुमची या दुसऱ्या प्रकारातली दिसते. मात्र अल्कलाइनचा तो सुरुवातीचा झगमगाट टिकत नाही. त्याचा व्होल्टेज पहिल्या तासापासून घसरत जातो, आणि जास्त करंट ओढला किंवा थंडी असली की आणखी लवकर. रिचार्जेबल सेल शेवटपर्यंत जवळजवळ एकाच पातळीवर चालतो आणि मग कड्यावरून पडावा तसा खाली येतो.

हे 'एकदम विझणं' मी फार गंभीरपणे घेतो. एकदा रात्री खडकाळ टप्पा उतरताना माझ्या पुढच्या माणसाची हेडटॉर्च क्षणात गेली. दोन मिनिटांपूर्वी तिचा दिवा हिरवा होता, म्हणजे सेल भरलेले. तो जागच्या जागी थांबला म्हणून काही झालं नाही. नंतर कारण कळलं: तो इंडिकेटर अल्कलाइनच्या घसरत्या व्होल्टेजवर बेतलेला होता, आणि रिचार्जेबलचा व्होल्टेज घसरतच नसल्यामुळे त्याला शेवटपर्यंत काही समजलं नाही. तेव्हापासून आमच्यात नियम आहे की रिचार्जेबल सेल घातले की इंडिकेटरवर विसंबायचं नाही, घड्याळावर विसंबायचं. घरी एकदा पूर्ण भरलेले सेल घालून, रोजच्या वापराच्या पातळीवर दिवा लावून ठेवायचा आणि किती वेळात विझतो ते लिहून ठेवायचं. त्या वेळाचा पाऊण भाग झाला की सोयीची जागा बघून, बसून, दुसऱ्या दिव्याच्या उजेडात सेल बदलायचे.

सेलबद्दल आता सविस्तर. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये 'लो सेल्फ डिस्चार्ज' प्रकारचेच घ्या. जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त चार्ज गमावत. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले आणि ही अडचण बरीचशी संपली. आज ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात आणि इतर कंपन्यांचेही त्याच धर्तीचे सेल आहेत. वर्षभर खणात राहिले तरी त्यांत बराचसा चार्ज शिल्लक असतो. तुमच्यासारख्या अधूनमधून वापरणाऱ्याला हाच गुण सर्वांत मोलाचा. जास्त एमएएचच्या मागे मात्र लागू नका. एए आकारात साधा प्रकार २००० एमएएचच्या आसपास असतो आणि 'प्रो' म्हणून विकला जाणारा २५०० च्या. जास्त भरता येणारा सेल तुलनेने खूपच कमी वेळा चार्ज करता येतो. मी साधाच घेतो.

तीन सेलच्या हेडटॉर्चमध्ये आणखी एक खोच आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्वस्त चार्जर सेल जोडीने चार्ज करतात. तुमचे सेल तीन! मग दोन एकत्र चार्ज होतात आणि तिसरा कुठल्यातरी दुसऱ्याच सेलच्या जोडीला जातो. काही महिन्यांत तिघांची पातळी वेगवेगळी होते. दिव्यात ते एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले दोघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात. रिकामा सेल उलट्या दिशेने चार्ज होऊ लागतो आणि कायमचा अधू होतो. 'माझे रिचार्जेबल सेल वर्षभरात मेले' अशी तक्रार ऐकली की मी आधी चार्जर बघतो. प्रत्येक सेलला स्वतंत्र खाचा आणि स्वतंत्र मोजणी असलेला चार्जर घ्या. निकेल सेल भरत आला की त्याचा व्होल्टेज किंचित उतरतो आणि सेल गरम होतो. चांगला चार्जर ती खूण ओळखून थांबतो. नुसत्या घड्याळावर चालणारा थांबत नाही. एएला ५०० ते १००० मिलिअँपिअर, एएएला ३०० ते ५०० हा वेग ठीक. फार सावकाश चार्ज केलं तर ती खूण इतकी पुसट होते की चार्जरला कळत नाही, त्यामुळे 'हळू म्हणजे सुरक्षित' हे इथे खरं नाही.

आणि तिघांचा संच करा. बारीक मार्करने क-१, क-२, क-३ असं लिहा, खरेदीची तारीख टाका, आणि तो संच कधीही फोडू नका. नवे-जुने, दोन कंपन्यांचे, किंवा अल्कलाइन आणि रिचार्जेबल एकत्र घालू नका.

१८६५० बद्दल. हा १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. ३.६ व्होल्ट आणि ३५०० एमएएच धरले तर १२.६ वॉट-तास. वजन सुमारे ४८ ग्रॅम. तुमचे तीन एएए मिळून ३६-३८ ग्रॅम भरतात. म्हणजे दहा-बारा ग्रॅम जास्त वजनात चौपटीहून जास्त ऊर्जा, १०० ल्युमेनला बारा तास. तुमच्या वापराला एक सेल दिव्यात आणि एक जादा, एवढ्यात दोन रात्री आरामात निघतात. मी स्वतः याच सेलवर आहे.

धोका आहे का? आहे, पण तो कशात आहे हे माहीत असलं की टाळता येतो. पहिला धोका खोट्या सेलचा. नामांकित कारखान्यांचे १८६५० साधारण ३५०० ते ४००० एमएएचच्या आसपास थांबतात. ६००० किंवा ९९०० छापलेला दिसला की तो खोटाच समजा. वजन करा; अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, नकली अनेकदा बराच हलका निघतो. दुसरा धोका शॉर्ट होण्याचा. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीही ठेवू नका, प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा. वरचं वेष्टन फाटलं असेल तर वापरू नका, कारण वरचं मधलं धन टोक सोडलं तर त्याभोवतीच्या कडेसकट सेलचं सगळं अंग ऋण टोकच असतं. तिसरा धोका अति रिकामं होण्याचा. 'प्रोटेक्टेड' सेलमध्ये छोटं सर्किट असतं, ते वेळीच तोडतं, तोच घ्या. मात्र त्या सर्किटमुळे लांबी चार-पाच मिलिमीटर वाढते, त्यामुळे तुमच्या हेडटॉर्चच्या पुस्तिकेत कुठला सेल चालेल ते आधी वाचा. पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट, आणि चार्जर लिथियम-आयनसाठीच बनलेला हवा. रात्रभर उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका, जागेपणी करा. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका, सेल आतून कायमचा बिघडतो. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धा भरून थंड जागी ठेवा. विमानात सुटे सेल हातातल्या पिशवीतच न्यायचे असतात, चेक-इन सामानात नाही.

इथेच एक इशारा. १४५०० नावाचा सेल एए सेलच्या आकाराचा असतो, पण व्होल्टेज ३.६-३.७ चा. तो साध्या एएच्या जागी सहज बसतो आणि एका क्षणात दिवा जाळू शकतो. दोन्ही प्रकार घरात असतील तर वेगळ्या डब्यांत ठेवा.

यूएसबीच्या हेडटॉर्चबद्दल विचारलंत. यूएसबीचं मला वावडं नाही. अशा अनेक हेडटॉर्चमधला सेल बाहेर काढता येत नाही, ते मला मान्य नाही. आतला सेल तीनशे-पाचशे चार्जनंतर क्षीण होणारच, आणि तेव्हा अख्खी हेडटॉर्च टाकावी लागते. त्याहून महत्त्वाचं, मध्यरात्री सेल संपला तर पॉवर बँकेची वायर डोक्याला लावून चालावं लागतं. यूएसबी हवीच, पण सेल बदलता येणारी. फक्त घरापुरती किंवा तासाभराच्या फेरफटक्यापुरती हवी असेल, तर बंद सेलवालीही चालेल. घेतल्यावर एक तपासणी करा: काही हेडटॉर्च दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरवर चार्जच होत नाहीत, त्यांना एका टोकाला जुनी चपटी यूएसबी लागते. हे प्रवासात कळलं तर फार पंचाईत होते.

हल्ली १.५ व्होल्टचे यूएसबीवर चार्ज होणारे एए-एएए सेलही मिळतात. आत लिथियम-आयन असतो आणि सर्किट व्होल्टेज १.५ वर आणतं. तुमच्या रेझिस्टरवाल्या हेडटॉर्चमध्ये ते लखलखीत उजेड देतील, हे खरं. पण संपताना अनेकदा काहीही सूचना न देता शून्यावर जातात, निकेलपेक्षाही तडकाफडकी. अवघड वाटेवर मी ते वापरत नाही.

झोताच्या प्रकाराबद्दल थोडंच सांगतो. चालायला पसरट उजेड लागतो, लांबचं शोधायला अरुंद झोत. दोन्ही असलेली घ्या. एकच मिळणार असेल तर पसरट. अरुंद झोतात पायापुढे एक लखलखीत वर्तुळ आणि भोवती काळोख होतो, मान सतत हलवावी लागते. धुक्यात दिवा कपाळावरून काढून कमरेजवळ धरा, कारण डोळ्यांच्या इतक्या जवळून गेलेला उजेड धुक्याच्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो आणि पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. मंद लाल दिवा असावा. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि लाल उजेड ती कमाई घालवत नाही. पाण्याचं म्हणाल तर पावसाला आयपीएक्स-४ (सगळीकडून उडणाऱ्या पाण्याला टिकण्याची पातळी) पुरतं. बटण लॉक करण्याची सोय मात्र बघाच. पिशवीत आपोआप लागून रिकामी झालेली हेडटॉर्च मी अनेकदा पाहिली आहे. हातमोजे घालून बटण सापडतं का, तेही करून बघा.

तर तुमच्यासाठी असं करेन. चालण्यासाठी एक १८६५० वर चालणारी, सेल काढता येणारी, रेग्युलेटेड हेडटॉर्च, दोन प्रोटेक्टेड सेलसकट. १८६५० ची धाकधूक जातच नसेल, तर दोन एए सेलवर चालणारी घ्या. एका जोडीत ४.८ वॉट-तास मिळतात आणि दोन जोड्यांत तुमची रात्र निघते. सध्याची टाकू नका. तिला चांगले तीन लो सेल्फ डिस्चार्ज सेल आणि स्वतंत्र खाचांचा चार्जर द्या. वीज जाते तेव्हा २० ल्युमेनवर ती बारा-चौदा तास सहज चालेल, आणि डोंगरात तुमचा दुसरा दिवा होईल. त्या दुसऱ्या दिव्यासाठी पिशवीच्या तळाशी तीन न-चार्ज होणारे लिथियम सेल ठेवा, पुस्तिकेत त्यांना मनाई नसेल तर. ते वजनाला हलके असतात, कडाक्याच्या थंडीत चालतात आणि वर्षानुवर्षं पडून राहिले तरी भरलेले राहतात. अल्कलाइन सेल दिव्यात घालून विसरू नका. ते गळतात आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकतात. तुमच्या दिव्यात याआधी अल्कलाइन बराच काळ राहिले असतील, तर आज झाकण उघडून बघा. पट्ट्यांवर पांढरी पूड दिसली तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग पाण्याने ओल्या केलेल्या बोळ्याने, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला. मंद उजेडाचं थोडं कारण तिथेही निघू शकतं.